गॅरेजची खोली, आईची चूल आणि पंधरा लाखांची ठेव

काका, नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला, फोटोही पाहिले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काका 62 वर्षांचे, नाशिकला अंबडच्या कंपनीतून रिटायर झालेत, इंदिरानगरला 200 चौरस मीटरच्या प्लॉटवर 1996 चा बंगला आहे. गाडी विकली, गॅरेज रिकामं पडलंय, 11 बाय 18 फूट. आई 84 वर्षांची, निफाडजवळच्या गावी एकटी असते, आता तिला इथे आणायचंय पण तिची एकच अट, माझी चूल वेगळी पाहिजे. म्हणून गॅरेजची खोली-किचन-बाथरूम करायची, पुढेमागे भाड्याने द्यायची. ठेकेदाराने साडेसात लाख सांगितलेत, वर म्हणाला परवानगीच्या भानगडीत पडू नका, सगळेच करतात. पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले 15 लाख मोडून घालायचा विचार आहे, शिवाय बँकेत 6 लाखांची एफडी आहे.

आधी भाड्याचं बोलते कारण तो विषय लवकर संपतो. परवानगीचा खर्च आणि ऐनवेळची कामं धरली की साडेसातचे नऊ होतात, हे धरूनच चाला. नऊ लाखांवर तुमच्या योजनेचं 8.2 टक्क्यांनी वर्षाला 73,800 व्याज येतं. भाडं तुम्ही 7,000 धरलंय, एक महिना रिकामा गेला तर 77,000, त्यातून रंगरंगोटी, मोटारचा खर्च, वाढलेली घरपट्टी काढली की हातात व्याजापेक्षा कमीच उरतं. भाड्यावर टॅक्समध्ये 30 टक्के सूट मिळते हे खरं आहे पण तुमचं उत्पन्न बघता नवीन पद्धतीत 12 लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, मग त्या सूटीचा उपयोग काय. भाचा म्हणतो 2027 च्या कुंभमेळ्यात खोली सोन्याच्या भावाने जाईल. जाईलही, पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि पर्वणीचे दिवस मोजकेच असतात, त्यावर नऊ लाखांचा हिशोब मांडू नका.

म्हणजे हे काम करायचं तर आईसाठी करायचं. आणि तसं असेल तर मला ते पटतं, मनापासून पटतं. 84 वर्षांच्या बाईला स्वतःचा चहा स्वतः ठेवायचा असतो, त्याची किंमत व्याजदरात निघत नाही. पण मग परवानगीशिवाय तर अजिबातच करू नका, कारण उद्या नोटीस आली तर तुम्ही आईला कुठे हलवणार?

गॅरेजची राहती खोली करणं हा वापरातला बदल आहे आणि 1966 च्या नगररचना कायद्यात त्यालाही परवानगी लागते, नुसतं शटर काढून खिडकी बसवली असं म्हणून चालत नाही. परवानगी नसेल तर त्याच कायद्यात होतं तसं करून द्या अशी नोटीस काढता येते, महापालिका कायद्यात अनधिकृत बांधकामावर घरपट्टीच्या दुपटीपर्यंत शास्ती म्हणजे दंड आहे. आणि मला जास्त भीती विक्रीच्या वेळची वाटते. माझ्या एका अशिलाने असंच गॅरेज बंद करून खोली केली होती, दहा वर्षं कुणी काही विचारलं नाही, मग बंगला विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन आला, खोली नकाशात नाही म्हणून त्याने ती धरलीच नाही, वर शेरा मारला. गिऱ्हाइकाचं कर्ज कमी झालं आणि तेवढी रक्कम किमतीतून पाडून मागितली. खोलीचे पैसे गेले ते गेले, वर आणखी गेले.

आता तुमच्या गॅरेजचं. दोन गोष्टींवर सगळं अडतं.

पहिली, गॅरेज बंगल्याच्या मूळ बांधकामात धरलंय का साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घर आणि कंपाउंडच्या मधे मोकळी सोडायच्या जागेत आहे. फोटोत ते मागच्या कोपऱ्यात कंपाउंडला चिकटलेलं दिसतंय, म्हणून विचारते. मार्जिनमध्ये गॅरेज चालतं ते गॅरेज म्हणून, तिथे राहती खोली मंजूर होणं अवघड. मूळ बांधकामात असेल तर मात्र वाव आहे. पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येतं त्या हिशोबात, धरत नाहीत, खोली झाली की ती धरतात, म्हणजे तेवढा एफएसआय शिल्लक हवा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मूळ एफएसआय 1.10 आहे, तुमच्या 200 चौरस मीटरवर 220 होतो, जुन्या नकाशात पुरते 200 वापरले असतील तरी 20 चौरस मीटर उरतात आणि तुमचं गॅरेज जेमतेम साडेअठरा चौरस मीटर आहे. हा ढोबळ हिशोब, भिंतींची जाडी, बाल्कनी, जिना सगळं आर्किटेक्टला नीट मोजू दे. गाडीची जागाही प्लॉटमध्ये दुसरीकडे दाखवावी लागेल, तुमच्याकडे गाडी नसली तरी.

दुसरी गोष्ट उंची. राहत्या खोलीला 2.75 मीटर लागते, म्हणजे नऊ फुटांच्या जरा वर. ठेकेदार म्हणतो साडेनऊ आहे, बास. पण फोटोत बघा ना, गॅरेजची फरशी गेटकडे उतरती आहे आणि घराच्या जोत्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. पावसाळ्यात पाणी आत येऊ नये म्हणून निदान आठ-नऊ इंच भराव घालावाच लागेल, मग उरले पावणेनऊ. आणि याच माणसाने कोटेशनमध्ये फॉल्स सीलिंग धरलंय! रविवारी टेप घेऊन स्वतः मोजा, शटरच्या पेटीखाली नाही, स्लॅबपर्यंत, चारही कोपऱ्यात.

पैशाचं असं करा. बचत योजनेला हात लावू नका. तुमचे पंधरा लाख एकाच खात्यात आहेत, त्यातून निम्मे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं आणि तुमची दोन वर्षं होऊन गेलीत म्हणून एक टक्का कापतील, म्हणजे 15,000 सरळ गेले. शिवाय तिमाहीला येणारे 30,750 बंद, त्यावर तर तुमचं घर चालतंय. एफडीचे सहा लाख आहेत, त्यातले तीन आईच्या दवाखान्यासाठी तसेच ठेवा, तिचा विमा नाहीये आणि या वयात खासगी कंपनीचा मिळणंही कठीण. उरले तीन. धाकटे भाऊ पुण्याला चांगल्या नोकरीत आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आई दोघांची आहे, चार लाख मागायला लाजू नका, स्पष्ट बोला. आणि कोटेशनमधून मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, ग्रॅनाइट काढा, हेच दोन लाख आहेत. आईला कडप्प्याचा ओटा पुरतो, तो कमी उंचीचा घ्या. बाथरूममध्ये मात्र काटकसर नको, कमोड, आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, दाराला उंबरठा नाही.

सगळ्यात आधी मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला शोधा. कपाटात नसेल तर महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागात नक्कल मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. मग ठेकेदाराच्या ओळखीचा नाही, तुमचा तुम्ही आर्किटेक्ट बघा आणि होतंय का नाही एवढंच लेखी घ्या. रीतसर अर्ज गेला की कायद्याने 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, तेवढं थांबता येईल.

आर्किटेक्ट नाही म्हणाला तर खालच्या बेडरूमचा विचार करा. तिला बागेकडे खिडकी आहे, तिथे आईला राहू दे, आतल्या भिंतीला छोटा ओटा, एक शेगडी, जिन्याखालचं संडास-बाथरूम तिच्यासाठी नीट करून द्या. आतल्या दुरुस्तीचा मामला वेगळा असतो आणि हे एफडीतल्या तीन लाखांत बसावं. काकूंना आधी विचारा पण, त्यांचं घर आहे, मेलमध्ये त्यांचं मत कुठेच नव्हतं.

ठेकेदार पन्नास हजार उचल मागतोय ना, ती देऊ नका. नकाशा हातात आला की मला फोटो काढून पाठवा, उंचीचे चारही आकडे सोबत लिहा.