वेब ॲप्लिकेशनचा मेनू वर आडवा असावा की डावीकडे उभा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: कंपनीच्या अंतर्गत कामासाठी तुम्ही एक वेब ॲप्लिकेशन तयार करत आहात, त्यात खरेदी, साठा, बीजके, अहवाल असे नऊ विभाग आहेत आणि पुढे ते वाढणार आहेत, वापरणारे दिवसभर ते उघडे ठेवून काम करतील, काही जण फोनवरूनही पाहतील, तर मेनू वर आडवा ठेवावा, डावीकडे उभा ठेवावा, की तीन रेघांच्या चिन्हामागे लपवावा? माझे उत्तर असे की तो डावीकडे उभा ठेवावा आणि संगणकावर नावांसकट कायम दिसू द्यावा. कारणे मात्र नीट पाहा, कारण तुमच्या पुढच्या ॲप्लिकेशनला हेच उत्तर लागू पडेल असे नाही.

आधी जागेचा हिशेब करू. १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा पडदा धरला, तर आडव्या पट्टीत लोगो, शोधपेटी, सूचनांची घंटा आणि वापरकर्त्याचे नाव यांतच सहाशे पिक्सेल सहज खर्ची पडतात. उरलेल्या साडेसातशेत शंभर-सव्वाशे पिक्सेलची सहा-सात नावे मावतात. तुमचे विभाग आजच नऊ आहेत, म्हणजे पहिल्याच दिवशी ‘इतर’ नावाचा ड्रॉपडाउन करावा लागेल, आणि ज्याची जागा ठरलेली नाही ते सगळे पुढे त्यातच जाऊन पडेल. उभ्या पट्टीत ब्राउझरचा स्वतःचा भाग वगळून साधारण सव्वासहाशे पिक्सेल उंची मिळते. एका नावाला चाळीस पिक्सेल दिले तरी पंधरा नावे न सरकवता दिसतात. शिवाय ॲप्लिकेशन एकाहून अधिक भाषांत असेल, तर भाषांतर करताना नावाची लांबी वाढते, तिचा ताण आडव्या पट्टीवर लगेच येतो, उभीवर फारसा येत नाही. (देवनागरी नावांना ओळीची उंची थोडी वाढवून द्या, नाहीतर उकार खालून कापल्यासारखे दिसतात.)

उभ्या पट्टीची किंमतही आहे. २४० पिक्सेलची पट्टी ठेवली की मजकुराला ११२६ उरतात, आणि बारा स्तंभांचा तक्ता दाखवायचा असेल तर ते अपुरे पडतात. म्हणून पट्टी मिटण्याची सोय द्या. पण ती मिटायची की नाही हे वापरणाऱ्याला ठरवू द्या आणि त्याची निवड लक्षात ठेवा. उलट विभाग चार-पाचच असतील, त्यांची संख्या वाढणार नसेल आणि लोक अधूनमधून येऊन काही वाचून जाणार असतील, तर वरची आडवी पट्टीच योग्य, कारण ती साठेक पिक्सेल उंची घेते आणि सगळी रुंदी मोकळी सोडते.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲप्लिकेशनमध्ये आम्ही पट्टी मुळातच मिटलेली ठेवली होती: फक्त चिन्हे, आणि माउस वर नेला की नाव. आमच्या डोळ्यांना ते फार नेटके वाटत होते. महिनाभराने मी एका कर्मचाऱ्याशेजारी बसून त्यांचे काम पाहिले, तेव्हा त्यांनी आमच्या पट्टीला हातसुद्धा लावला नाही. ब्राउझरच्या बुकमार्कच्या ओळीत त्यांनी ‘आवक’, ‘जावक’ आणि ‘शिल्लक’ अशी तीन पाने स्वतः नावे देऊन लावून ठेवली होती आणि दिवसभर त्यांवरूनच त्या फिरत होत्या. खोक्याचे चिन्ह साठ्याचे, की आवकीचे, की मालाच्या यादीचे, हे दर वेळी माउस नेऊन तपासण्यापेक्षा त्यांना ते सोपे वाटले होते. आम्ही त्याच आठवड्यात नावे परत आणली, आणि त्यांनी वापरलेलेच शब्द घेतले.

तीन रेघांच्या चिन्हाचेही दुखणे हेच आहे. डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी ते १९८१च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढले, तेव्हा जागेची टंचाई खरी होती. मोठ्या पडद्यावर ती नसते. वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेच्या २०१६च्या अभ्यासात, मुख्य मेनू लपवल्यावर तो लोकांना सापडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. फोनवर मात्र सर्वाधिक लागणारे तीन-चार विभाग खालच्या पट्टीत ठेवा आणि बाकीचे ‘आणखी’मध्ये घाला, खालच्या पट्टीत पाचापेक्षा जास्त नावे नकोत.

मेनूत सातच नावे असावीत, असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. हा सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या प्रसिद्ध लेखातून आला, पण तो लेख अल्पकालीन स्मृतीत किती घटक राहतात याबद्दल आहे; मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. नऊ नावे असू द्या, फक्त त्यांचे दोन-तीन गट पाडा.

खरा गोंधळ दुसऱ्या पातळीवर होतो, आणि तिथे विचार करायला अधिक वेळ द्या. एखाद्या पुरवठादाराचे पान उघडले की त्याची माहिती, त्याची बीजके, त्याचा पत्रव्यवहार हे सगळे त्याच पानावर आडव्या टॅबमध्ये यावे, डाव्या पट्टीच्या उपमेनूत नव्हे, कारण पट्टी ॲप्लिकेशनमधील ठिकाणे दाखवते आणि टॅब एकाच नोंदीच्या बाजू दाखवतात. प्रत्येक टॅबला स्वतंत्र पत्ता द्या, म्हणजे ब्राउझरचे ‘मागे’ बटण अपेक्षेप्रमाणे चालेल आणि दुवा सहकाऱ्याला पाठवता येईल. ‘नवीन बीजक’ ही कृती आहे, ठिकाण नव्हे. तिला बटण करून पानावर ठेवा.

कोड लिहिताना पट्टी एचटीएमएलच्या ‘नॅव्ह’ घटकात ठेवा, चालू पानाच्या दुव्याला ‘एरिया-करंट’ (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला चालू पान कोणते ते सांगणारी खूण) लावा आणि मेनू ओलांडून थेट मजकुरावर नेणारा दुवा सुरुवातीला द्या. ‘मेनू’ हा एरिया रोल, म्हणजे घटकाची भूमिका सांगणारी खूण, मात्र लावू नका. तो डेस्कटॉप प्रोग्रामच्या आज्ञांसाठी आहे आणि लावल्यास बाणांच्या कळांचे सगळे वर्तन तुम्हालाच लिहावे लागते. डब्ल्यूसीएजी २.१ या, वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे, आणि १२८० पिक्सेलच्या पडद्यावर कोणी ४०० टक्के झूम केले की नेमकी तेवढीच रुंदी उरते. म्हणजे नजर कमी असलेल्या माणसाला लॅपटॉपवरही तुमची फोनची मांडणीच दिसेल, आणि ती त्याला कीबोर्डवरून चालवता यायला हवी.