कर्जाबरोबरची पॉलिसी पुरेशी आहे का?

प्रश्न : चिपळूणला आमचं तळमजल्याचं घर आहे. बँकेने कर्जाबरोबर विमा काढला होता. पूर आला तर फ्रीज, कपाटं भरून मिळतील का?

उत्तर : ताई, आधी पॉलिसी बाहेर काढा आणि विमा कशाचा आहे ते वाचा. कर्जाबरोबरची पॉलिसी बऱ्याचदा नुसत्या बांधकामाची असते. तशी असेल तर सामानाचा एक रुपयाही मिळणार नाही. 2021 च्या पुरानंतर विम्याचा सर्व्हेअर (नुकसान मोजणारा) म्हणून तुमच्याच गावात फिरताना हे लोकांना सांगणं फार जड गेलं.

एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. पूर, वादळ, आग, भूकंप, दरड हे सगळं तिच्यात येतं. बांधकाम आणि सामान दोन्ही घ्या. घराच्या विम्याची रक्कम बाजारभावाने नाही, बांधकामखर्चाने ठरते. जागेची किंमत धरत नाहीत. उदाहरणार्थ, 900 चौरस फूट चटई क्षेत्र (कार्पेट एरिया), बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,000 रुपये, म्हणजे 18 लाख. सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं (कमाल 10 लाख). दागिने वेगळे नोंदवावे लागतात. साध्या घरफोडीसाठीही वेगळं संरक्षण घ्या.

आणि पाणी ओसरल्यावर घर धुवायची घाई करू नका. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रीजच्या मागची मॉडेल नंबरची पट्टी, दोन्हींचे फोटो काढा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भंगारवाल्याला काहीही देऊ नका.