चामडी सीट आणि कुबट वास

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या चामडी सीट कडक झाल्या आहेत आणि आत कुबट वास येतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सीटपासून नको, खालून करा. असा वास बहुधा गालिच्याखालच्या थरात मुरलेल्या पाण्याचा असतो. दरवाजांची, काचांची रबरं कडक झाली की पाणी आत झिरपतं. सीट काढून गालिचा उचला, पत्र्याला गंज आहे का पाहा. खालचा थर सडला असेल तर बदलाच. सुगंधी फवाऱ्यांनी काहीही साधत नाही. गळती थांबल्याशिवाय नवा गालिचा घालू नका.

चामड्यावर आधी मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम फिरवा. मग सौम्य लेदर क्लीनरचा फेस कापडावर घेऊन थोडा थोडा भाग पुसा. पाणी थेट ओतलं तर शिवणीतून फोममध्ये उतरतं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, कापडाला रंग लागला तर थांबा. पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनरचा (चामडं मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा) पातळ हात द्या, गरज वाटली तर २४ तासांनी दुसरा. तडकलेलं चामडं मात्र कंडिशनरने सांधत नाही. तिथे फिलर (भेगा भरणारा लेप) आणि रंगच हवा.

छताचं कापड चिकटवलेलं असेल तर ते भिजवू नका, जुना गोंद सुटून कापड लोंबतं.