जावई पुढे, मेहुणे मागे

प्रश्न : मी नाशिकला, माझे मेहुणे न्यू जर्सीला. दर रविवारी सकाळी सातला (तिकडे शनिवारी रात्रीचे साडेनऊ) आम्ही दुसऱ्या महायुद्धावरच्या एका ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये बी-17 बॉम्बर उडवतो. या खेळात एकेकाला तीन विमानं मिळतात. पुढचं आपण चालवायचं, दोन आपोआप मागे येतात. दोघांची मिळून सहा. मी लीडर असतो. पण लक्ष्य येईपर्यंत मेहुणे दोन-तीन किलोमीटर मागे पडलेले असतात आणि शत्रूची फायटर विमानं आधी त्यांनाच गाठतात. मी म्हणतो त्यांना फॉर्मेशन (ठरलेल्या रचनेत जवळजवळ उडणं) धरता येत नाही, ते म्हणतात मी पळतो. कोणाचं खरं? आणि त्यांना माझ्या बरोबर खाली ठेवलं तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मेहुण्यांचं खरं.

तुमचा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची दांडी) कुठे असतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावून सांगतो, पार शेवटच्या टोकाला. विमान तेच, इंजिनं तीच, बॉम्बही तेवढेच. तुम्ही सगळा जोर लावलात तर मेहुण्यांनी जास्तीचा जोर आणायचा कुठून? एकदा ते शंभर मीटर मागे पडले की ते शंभर मीटर भरून निघत नाहीत.

हे मला फार उशिरा कळलं. माझा जोडीदार म्हणजे मिरजेचा माझा मावसभाऊ. कितीतरी वर्षं तो मागून कुरकुरायचा आणि मी त्याला फॉर्मेशनवर व्याख्यानं द्यायचो. एकदा माझ्या जॉयस्टिकची थ्रॉटलची दांडी ढिली झाली, म्हणून लीडरकी त्याला दिली. पुढची चाळीस मिनिटं मी त्याच्या विमानाची शेपटी लहान लहान होत जाताना पाहिली. आधी शेपटीवरचं अक्षर वाचता येत होतं, मग नुसता त्रिकोण, मग ठिपका. आणि पठ्ठ्या ‘वळतोय’ म्हणायचा तो वळून झाल्यावर! मी रागावून विचारलं तर म्हणाला, “तुझ्याकडूनच शिकलो.”

वळण हीच खरी मेख आहे. शाळेत पी.टी.च्या कवायतीत ‘बाये घूम’ झालं की आतल्या टोकाचा मुलगा जागीच पाय आपटायचा आणि बाहेरचा बिचारा ढांगा टाकत सुटायचा. इथेही तेच. मेहुणे तुमच्या उजवीकडे 200 मीटरवर आहेत आणि तुम्ही डावीकडे काटकोनात वळलात, तर रांग टिकवायला त्यांना तुमच्यापेक्षा 314 मीटर जास्त उडावं लागतं. वळण मोठं घ्या की छोटं, हा फरक बदलत नाही. ताशी 320 किलोमीटरला हे साडेतीन सेकंदांचं अंतर झालं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण भरून काढायला त्यांच्याकडे ताशी 10 किलोमीटरच जादा वेग असेल, तर जवळपास दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्ही पुढचं वळण घेतलेलं असतं. जादा वेग नसेलच, तर विषय संपला.

तेव्हा उड्डाणानंतर विमानतळाभोवती एक पूर्ण फेरी मारा. मेहुणे जागेवर येईपर्यंत पुढे निघू नका. चढतानाही थ्रॉटल थोडा मागे ठेवा. मी पूर्ण जोरापेक्षा दहावा भाग कमी ठेवतो, कधी त्याहूनही कमी. ठरलेल्या उंचीवर पोचायला उशीर होतो, होऊ द्या. वळायच्या निदान दहा सेकंद आधी दिशा आणि अंश बोलून सांगा आणि वळण रुंद घ्या. जादा अंतर तेवढंच राहतं, पण ते कापायला मेहुण्यांना वेळ मिळतो. तसंही एकदम वळलात तर आपोआप येणारी तुमचीच दोन विमानं सुटून वेगळी पडतात, हे तुम्ही अनुभवलं असेलच. बॉम्ब टाकताना नुसतं ‘सोड’ म्हणू नका. नाशिकचा आवाज न्यू जर्सीला पोचायला आणि माणसाचं बोट हलायला मिळून अर्धा सेकंद गेला, तरी बॉम्ब 45 मीटर पुढे पडतो. ‘तीन, दोन, एक’ मोजा आणि दोघांनी मोजणीवर सोडा. आम्ही एकदा रेल्वे यार्डाऐवजी शेजारचं बटाट्याचं शेत नांगरलं होतं, ते याच अर्ध्या सेकंदापायी.

आता खाली ठेवण्याचं. बरोबर खाली अजिबात नको. 19 मे 1944 ला बर्लिनवर एक बी-17 सरकत दुसऱ्या बी-17 च्या खाली गेली. वरच्या विमानाचा बॉम्ब तिच्या शेपटीच्या डाव्या आडव्या पंखावर बसला, पंख मोडला आणि आतले अकराही जण गेले. वरच्या विमानातल्या कॅमेऱ्याने टिपलेले ते फोटो आजही पाहवत नाहीत. खेळात फक्त पुन्हा धावपट्टीवरून निघावं लागतं, पण सवय वाईटच.

मेहुण्यांना बाजूला दीड-दोनशे मीटर, थोडं मागे आणि थोडं वर ठेवा. वरच का? तर मागे पडलेल्याला नाक जरासं खाली करून वेग मिळवता येतो. खालच्याला ती सोय नाही, त्याला चढून यावं लागतं आणि चढताना तो आणखी मागे पडतो. अमेरिकेच्या आठव्या एअर फोर्सच्या पायलटांनाही फॉर्मेशनमधली सगळ्यात खालची, मागची जागा नकोशी वाटायची.

फायटरना मागे पडलेलंच विमान का सापडतं, तेही सांगतो. बी-17जी या प्रकारावर 13 मशीनगन. तुमच्या तिघांच्या 39, मेहुण्यांच्या धरून 78. जवळ असाल तर एकाच फायटरवर दोघांचा मारा पडतो. तीन किलोमीटरवर तुमच्या 39 मशीनगन मेहुण्यांच्या काहीही कामाच्या नाहीत. जर्मनांना हे पक्कं माहीत होतं. 14 ऑक्टोबर 1943 ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर 291 बी-17 निघाल्या आणि 60 परत आल्या नाहीत. त्या दिवशी जर्मनांची काही विमानं मशीनगनच्या टप्प्याबाहेरूनच रॉकेटं सोडत होती. फॉर्मेशन फुटलं की सुटी पडलेली विमानं बाकीच्यांनी टिपायची. तुमच्यावर तर कोणाला रॉकेटही खर्च करावं लागत नाही. फॉर्मेशन तुम्ही स्वतःच फोडून देता!

जावई पुढे आणि मेहुणे मागे हे लग्नाच्या पंगतीत ठीक. येत्या रविवारी लीडरकी मेहुण्यांना द्या आणि तुम्ही मागे उडा. त्यांना आधी काही शिकवू नका. पुढचं पत्र शक्यतो त्यांच्याकडून येऊ द्या.