लकव्यावर साडेचार तासांनंतर काहीच करता येत नाही का?

तुमच्या चंदगडच्या मामांना पहाटे उठल्यावर उजवा हात-पाय उचलेना, आणि वेळ उलटली म्हणून इंजेक्शन दिलं नाही. यापुढचं काही आलंय का, असं तुम्ही विचारलंय. आलंय. मी कोल्हापुरात कॅज्युअल्टीत ड्युटी करतो, म्हणून सांगतो.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तास मिळतात, पण ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेत लकवा मारला की ती वेळ रात्री झोपतानाची धरायची, आणि गाडी तिथंच अडायची. २०१८ च्या 'वेक-अप' या रुग्णांवर केलेल्या संशोधन-चाचणीनं यातून वाट काढली. एमआरआयच्या एका चित्रात इजा दिसते आणि दुसऱ्यात अजून उमटलेली नाही, तर लकवा ताजा समजून इंजेक्शन देता येतं.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर जांघेतून नळी घालून गुठळीच बाहेर काढतात, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी. २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी तिचा फायदा दाखवला. पुढं 'डिफ्यूज ३'नं ती १६ आणि 'डॉन'नं २४ तासांपर्यंत नेली, अर्थात स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक दिसला तरच. बारीक रक्तवाहिन्यांत हीच करामत करून पाहिली, तर २०२५ च्या 'डिस्टल' आणि 'एस्केप-मेव्हो' या चाचण्यांत फायदा दिसला नाही. तेव्हा २४ तास आहेत म्हणून जेवून निघू, असं कुणी करू नये!

आपल्या भागासाठी मला सगळ्यात कामाचं वाटतं ते टेनेक्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं नवं औषध. जुनं अल्टेप्लेज तासभर पंपावर चालवावं लागतं. हे एकदाच शिरेत दिलं की झालं. गडहिंग्लज-आजऱ्याकडं जिथं सीटी स्कॅन होईल तिथं मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करून इंजेक्शन द्यायचं आणि लगेच मोठ्या केंद्राकडं हलवायचं, हे आता जमण्यासारखं आहे. औषध आपल्या पुण्यातही बनतं.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही कमी. 'अंगावरून वारं गेलं' म्हणून तेल नाहीतर पारव्याचं रक्त चोळत बसण्यापेक्षा १०८ ला फोन लावा आणि रात्रंदिवस सीटी चालू असलेलं जवळचं ठिकाण गाठा, जिल्हा-राज्य बघू नका. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका; रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घात करते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी तेवढी सोबत घ्या.