बँडमधला कच्चा दुवा कसा शोधायचा?

प्रश्न: द हू, लेड झेपलिन, क्रीम, रश या रॉक बँडांवरून आमच्या मित्रमंडळात कायम वाद होतो. एकेक वादक सुटा घेतला, तर सगळ्यांत भक्कम बँड कोणता? निकाल लावायचा तरी कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर: वाद अडतो, कारण प्रत्येक जण आपल्या बँडचा सर्वोत्तम वादक पुढे करतो. उलटं करा. बँडमधला त्यातल्या त्यात कमी नावाजलेला माणूस घ्या आणि तो दुसऱ्या बँडमधल्या त्याच जागेवर कसा टिकेल ते पाहा.

या कसोटीवर आमचा कौल लेड झेपलिनला, आणि त्याचं कारण गिटारवादक जिमी पेज नव्हे, जॉन पॉल जोन्स. चौघांत त्याचंच नाव सर्वांत कमी घेतलं जातं. पण तो बास वाजवतो, कीबोर्ड वाजवतो, मँडोलिन वाजवतो. बँडमध्ये येण्याआधी तो लंडनच्या स्टुडिओंत वादक आणि संगीत संयोजक होता. रोलिंग स्टोन्सच्या ‘शीज अ रेनबो’मधल्या तंतुवाद्यांचं संयोजन त्याचंच आहे. मैफलीत तो कीबोर्डवर बसला की बासचे स्वर पायाखालच्या पेडलांवर काढायचा. ज्या बँडचा ‘चौथा’ माणूस असा, तिथे कच्चा दुवा शोधायला कष्ट पडतात.

झेपलिनचं ‘काश्मीर’ (१९७५) नीट मोजून ऐका. गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, तीन मात्रांत फिरतो, जॉन बोनमचे ड्रम सरळ चारांत चालतात. रिफची चार आवर्तनं आणि ड्रमची तीन झाली, म्हणजे बारा मात्रा भरल्या, की दोघं पुन्हा समेवर भेटतात. इथे ड्रमर रिफच्या मागे फरपटला असता तर गाण्याचा सगळा डौल गेला असता. बोनम हलत नाही. २५ सप्टेंबर १९८० रोजी तो वारला आणि उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी बँड थांबवला.

झेपलिनची उणी बाजूही सांगायला हवी. पेजचं मैफलीतलं वादन एका रात्री झळाळतं तर दुसऱ्या रात्री विस्कटतं, आणि १९७३ नंतर गायक रॉबर्ट प्लँटच्या आवाजाचा वरचा पल्ला पूर्वीसारखा राहिला नाही. सातत्याला जास्त गुण द्यायचे असतील तर रश पुढे जातो. तिघंच जण, त्यांत गेडी ली एकाच वेळी गातो, बास वाजवतो, कीबोर्ड सांभाळतो आणि पायाने पेडल दाबतो. ‘वायवायझी’ (१९८१) या वाद्यरचनेची सुरुवात टोरांटो विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांवर, मोर्स लिपीत आहे. लांब खुणेला दोन आणि ठिपक्याला एक असे भाग धरा: वाय सात, वाय सात, झेड सहा, एकूण वीस. हे वीस टाळीवर बसवून पाहा, मग ड्रमर नील पीअर्ट त्यावर काय करतो ते ऐका.

क्रीमचे तिघंही अव्वल होते, पण बँड १९६६ ते १९६८ एवढाच टिकला आणि मैफलीत अनेकदा तिघं एकाच वेळी एकल वादन करत राहायचे. सुट्या वादकांचीच स्पर्धा असेल तर त्यांना कमी लेखता येणार नाही. ‘येस’ या बँडला तुम्ही यादीतच घेतलं नाही, हे मात्र चुकलं. त्यांच्या ‘फ्रॅजाइल’ (१९७१) अल्बममध्ये चार गाणी बँडची आणि पाच तुकडे एकेका सदस्याने स्वतंत्रपणे बसवलेले आहेत. तुमच्या वादाला याहून सोयीचा पुरावा नाही.

प्रश्न: बास गिटार मला ऐकूच येत नाही. ‘हा बासिस्ट थोर’ असं लोक म्हणतात तेव्हा नक्की काय ऐकायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर ते बंद करा. बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. एवढा खालचा स्वर तो स्पीकर काढूच शकत नाही. इयरफोन असेल तर आधी त्याची रबरी टोपी बदलून पाहा. ती कानात घट्ट बसली नाही तर खर्ज गळून जातो.

इक्वलायझरमध्ये ६० हर्ट्झ वाढवण्याचा मोह आवरा. तिथे पायाने वाजवायचा मोठा ड्रमही असतो, दोन्ही मिसळून नुसता घुमारा येतो. त्याऐवजी ७०० ते १००० हर्ट्झची पट्टी ३ डेसिबल वर घ्या, म्हणजे तारेवर बोट पडल्याचा आवाज सुटा होतो.

मग द हूचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ लावा (मैफल १४ फेब्रुवारी १९७०). मूळ सहा गाण्यांच्या मिश्रणात बास एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात आहे. फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा समतोल पूर्ण एका बाजूला सरकवा आणि बासिस्ट जॉन एंटविसल जवळजवळ एकटा ऐका. फोनवर मोनो (दोन्ही कानांत एकच मिश्र आवाज) चालू असेल तर हा प्रयोग फसतो, आधी तो बंद करा. बँडमध्ये दुसरी गिटार नाही. गिटारवादक पीट टाउनशेंड सुरावट वाजवू लागला की खालची पोकळी कोण भरतं, ते इथे कळतं.

प्रश्न: ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मधला बोनमचा पाय मला जमत नाही. त्याला डबल पेडल लागतं का? (ड्रम शिकणारी वाचक, नाशिक)

उत्तर: नाही, त्याने ते एकाच पेडलवर वाजवलं आहे. एका मात्रेचे सहा सारखे भाग करा. हाय-हॅट (झांजांची जोडी) पहिल्या आणि चौथ्या भागावर. पाय दुसऱ्या-तिसऱ्यावर किंवा पाचव्या-सहाव्यावर, म्हणजे हाताच्या ठोक्यानंतर लगेच दोन. मेट्रोनोम ६० वर ठेवा, सलग दोन मिनिटं न चुकता जमलं की ४ ने वाढवा. मूळ गाणं साधारण ९४ च्या आसपास आहे.

टाच उचललेली ठेवा. पहिला ठोका पावलाने पेडलच्या मध्यावर, दुसरा पाऊल किंचित पुढे सरकवून. बहुतेकांचं इथेच बिघडतं: पहिल्या ठोक्याला बीटर (पेडलची हातोडी) चामड्यावर दाबून धरला जातो, तो उसळून परत येत नाही आणि दुसरा ठोका उशिरा व मऊ पडतो. दुसरी चूक म्हणजे सहाऐवजी चार भाग मोजणं. मग ठेका सपाट होतो. नडगी दुखू लागली तर थांबा आणि स्प्रिंग थोडी सैल करा.

प्रश्न: साधं वाजवणारा ड्रमर कमी दर्जाचा धरायचा का? एसी/डीसीच्या फिल रडला आमच्याकडे कोणी मोजत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मोजायला हवं. त्याचं गाणं लावून त्यावर पाच मिनिटं फक्त साधा ठेका धरा. आपली लय कुठे पळते ते लगेच कळेल.

प्रश्न: क्वीन या वादात कुठे बसतो? फ्रेडी मर्क्युरी पाचगणीचा म्हणून विचारतो. (एक वाचक, सातारा)

उत्तर: पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता, हे खरं. वादनाच्या कसोटीवर क्वीन पहिल्या तिनांत येणार नाही. पण गाणी रचण्याची कसोटी लावली तर झेपलिनही मागे पडतो, कारण इथे चौघांपैकी प्रत्येकाने एकट्याने जगभर गाजलेलं गाणं लिहिलं आहे: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मर्क्युरीचं, ‘वी विल रॉक यू’ ब्रायन मेचं, ‘रेडिओ गा गा’ रॉजर टेलरचं आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ जॉन डीकनचं.