तुरुंगात वाचनाने मनाला खरोखर उभारी मिळते का?

होय, मिळते, मात्र नुसते पुस्तक हाती पडून भागत नाही, ते वाचता आले पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले नेते माल्कम एक्स यांनी तिथल्या नॉरफोक तुरुंगात, वाचलेले नीट कळावे म्हणून, शब्दकोश पानापानाने वहीत उतरवून काढला आणि रात्री दिवे मालवल्यावरही खोलीबाहेरच्या दिव्याच्या अंधुक उजेडात ते वाचत राहिले. जिथे उठण्याजेवण्याची वेळही दुसराच ठरवतो, तिथे पुढे काय वाचायचे हे स्वतः ठरवता येणे मला सर्वांत मोलाचे वाटते. अपराधाची बोचणी कथेतल्या पात्राच्या आडून बोलून दाखवणे सोपे जाते, म्हणून गटवाचन अवश्य व्हावे. ब्राझीलमध्ये तर वाचलेल्या पुस्तकावरचे लेखी टिपण मान्य झाल्यास शिक्षेतून ४ दिवस वजा होतात आणि ही सवलत वर्षाला १२ पुस्तकांपर्यंत मिळते.